आयनॅचरलिस्ट: सह्याद्रीच्या झाडांना उत्तम, दगडफुलांना जरा जपून

सह्याद्रीच्या जंगलात काय काय उगवतं याची नोंद ठेवण्यासाठी फुकटात मिळणाऱ्या साधनांत आयनॅचरलिस्ट या अॅप-संकेतस्थळाच्या जवळपास येणारं दुसरं काही नाही. झाडं, वेली, झुडपं, पावसाळी फुलं यांच्यासाठी खुशाल वापरा. पण त्याच भरवशावर खोडावरच्या दगडफुलाला नाव चिकटवायला गेलात, तर नाव लगेच मिळेल; ते त्याचंच असेल याची मात्र हमी नाही. दोन्ही कामं एकाच बटणावर होत असल्यामुळे बहुतेकांची इथेच फसगत होते.

थोडक्यात ओळख. २००८ साली बर्कलेच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातला विद्यार्थ्यांचा प्रकल्प म्हणून हे सुरू झालं, २०१४ मध्ये कॅलिफोर्निया अकॅडमी ऑफ सायन्सेसकडे गेलं, २०१७ पासून नॅशनल जिओग्राफिकही सोबत होती, आणि २०२३ पासून आयनॅचरलिस्ट ही स्वतंत्र ना-नफा संस्था आहे. जाहिराती नाहीत, वापरण्याचे पैसे मागत नाहीत, देणग्यांवर चालतं. फोटो चढवायचा, तारीख आणि जागा द्यायची, यंत्र नावं सुचवतं, मग जगभरातले जाणकार ती मान्य करतात किंवा खोडतात. रेंज नसलेल्या दरीत नोंद फोनात साठवून घरी आल्यावर चढवता येते, आणि आपल्याकडच्या जंगलात ही सोय नसती तर बाकीचं सगळं फोल होतं.

झाडांच्या बाबतीत यंत्राचा अंदाज बऱ्यापैकी बसतो, पण तुम्ही त्याला काय दाखवता यावर सगळं अवलंबून आहे. एकच फोटो, तोही लांबून, आणि त्यात हिरव्या पानांचा नुसता ढीग. अशा नोंदी ‘वनस्पती’ किंवा ‘द्विदल’ एवढ्यावर वर्षानुवर्षं पडून राहतात. निदान पाच फोटो हवेत. अख्खं झाड आणि त्याची ठेवण, खोडाची साल, फांदीला पानं कशी लागलीत ते (समोरासमोर की एकाआड एक), पानाची पाठ देठासकट, आणि फूल किंवा फळ असेल तर ते समोरून आणि बाजूने. हे पाचही एकाच नोंदीत चढवा. पाच फोटोंच्या पाच नोंदी केल्या की ओळखणाऱ्याच्या हाती प्रत्येक वेळी अर्धवट पुरावा येतो.

पानाची पाठ का, ते ऐन आणि हिरड्यावरून कळेल. दोन्ही टर्मिनॅलिया या एकाच प्रजातीतली (प्रजाती म्हणजे जीनस, जवळच्या जातींचा गट), दोघांची पानं मोठी आणि चिवट. हिरड्याच्या देठावर, पातं सुरू होतं तिथे, दोन गाठी असतात. ऐनाच्या गाठी पानाच्या मागे, मधल्या शिरेच्या तळाशी असतात. पुढून कितीही सुंदर फोटो काढलात तरी ही खूण येणार नाही. ऐनाची मगरीच्या पाठीसारखी तडकलेली साल मदतीला असते, पण कोवळ्या झाडाला तीही नसते. जांभूळ आणि पारजांबाचं तसंच. पान उन्हात धरा: जांभळाच्या बारीक शिरा अगदी जवळजवळ, समांतर धावतात आणि कडेच्या जरा आत एका शिरेला जाऊन मिळतात; पारजांबाची कड बहुधा दातेरी असते. हा उजेडातला फोटो फार थोडे लोक काढतात, आणि भीमाशंकर-महाबळेश्वरच्या सदाहरित रानात अंजनी, जांभूळ, पिसा, पारजांब असं सगळं एकमेकांत मिसळलेलं असताना नेमका तोच लागतो.

पावसाळी फुलांत तेरड्यांचे फोटो नेहमी समोरून काढलेले असतात. तेरड्याची ओळख मागच्या शेपटीत, म्हणजे तिची लांबी आणि वळण यांत असते, म्हणून बाजूने काढा. हाबेनारियाच्या आमरींना (ऑर्किडांना) तर शेपटी आणि तिच्यामागचा बीजकोश एकाच चौकटीत यायला हवेत. गवतांसाठी मात्र फार आशा धरू नका. कणिसाचा जवळून फोटो आणि पानाच्या बुडाशी असलेली जिभली दिली तरी अनेकदा प्रजातीवरच समाधान मानावं लागतं.

यंत्राच्या सूचनांबद्दल एक गोष्ट पक्की ध्यानात घ्या: ते जे शिकलं आहे त्यातूनच सुचवतं. ज्या जातीचे पुरेसे, खात्रीशीर नाव असलेले फोटो संग्रहात नाहीत, ती जात यादीत येणारच नाही. मग तिची जागा तिच्यासारखी दिसणारी, जास्त फोटोवाली जात घेते. जवळपास आढळण्याची शक्यता असलेल्या जातींपुढे तशी खूण दिसते, त्यामुळे परदेशी पाहुण्यांची नावं बरीच गळतात. तरी सह्याद्रीपुरत्या मर्यादित, क्वचित फोटो निघणाऱ्या जातींना याचा उपयोग नाही. म्हणून यादीतलं पहिलं नाव आंधळेपणाने दाबू नका. खात्री नसेल तर ‘सिझिजियम’ (जांभळाची प्रजाती) किंवा ‘आमरी कुळ’ एवढंच लिहा. वरच्या पातळीवरची बरोबर नोंद जाणकारांच्या चाळणीत लवकर येते. चुकीची नेमकी नोंद मात्र भलत्याच पानावर जाऊन बसते.

‘रिसर्च ग्रेड’ या शिक्क्याचाही अर्थ नीट समजून घ्यायला हवा. तारीख, जागा, फोटो आणि नाव देणारे किमान दोघं. त्यांत दोन-तृतीयांशांहून जास्त लोकांचं जातीवर एकमत झालं की शिक्का बसतो. म्हणजे तो एकमताचा शिक्का आहे, तपासणीचा नव्हे. तुम्ही यंत्राचं नाव घेतलं आणि मित्राने मैत्रीखातर ‘सहमत’ दाबलं, तरी शिक्का मिळतो. जांभळाच्या बाबतीत यात फारसं बिघडत नाही. दगडफुलाच्या बाबतीत सगळंच बिघडतं.

आता शैवाकांकडे (लायकेन, म्हणजे बुरशी आणि शेवाळ यांची एकत्र जोडी), म्हणजे आपल्या दगडफुलांच्या अख्ख्या गोतावळ्याकडे. भारतातल्या शैवाकांच्या २०१० च्या सूचीत २,३०३ जाती आहेत आणि त्यानंतर भर पडतच गेली आहे. यातल्या फार मोठ्या हिश्शाची ओळख तीन गोष्टींवर ठरते: भिंगाखाली दिसणारी पृष्ठभागाची ठेवण, सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारे बीजाणू, आणि आतली रसायनं. फोनच्या फोटोत यातली पहिली अर्धीमुर्धी येते, बाकीच्या दोन येतच नाहीत. खोडाला घट्ट चिकटलेले, पापुद्र्यासारखे किंवा रंग सांडल्यासारखे दिसणारे प्रकार तर फोटोवर जातीपर्यंत नेण्याचा नादच करू नका. ग्राफिस कुळातले, सालीवर कुणीतरी काळ्या शाईने गिरगोट्या ओढल्यासारखे दिसणारे, याचं सरळ उदाहरण आहे. गिरगोट्या फोटोत झकास येतात, पण जात ठरते बीजाणूंचे कप्पे मोजून.

त्यातल्या त्यात पानासारख्या पसरट शैवाकांत काम करता येतं. पार्मोट्रेमा ही प्रजाती घ्या, कारण सह्याद्रीत ती सहज भेटते आणि मसाल्याचं दगडफूल बहुतांशी याच घराण्यातलं असतं. फोटो असे काढा. एक, अख्खा पसारा, शेजारी मिलिमीटरची पट्टी. दोन, कडेचा जवळून: कडेला काळे केस आहेत का, पिठासारखी भुकटी आहे का. तीन, मधल्या भागाचा: पृष्ठभागावर काडीसारखे बारीक कोंब उठलेत का, जाळीदार भेगा आहेत का. चार, कड बोटाने अलगद उचलून खालची बाजू: मध्यभागी काळी आणि कडेला तपकिरी, उघडी पट्टी आहे का. पाच, ते कशावर आहे ते. आंब्याच्या खोडावर, जांभ्यावर की काळ्या कातळावर, हे शब्दांत लिहा, कारण फोटोतून झाड कळत नाही.

हे सगळं कोरडं असताना करा. भिजलेल्या शैवाकाची वरची कातडी पारदर्शक होते, आतलं शेवाळ दिसू लागतं आणि राखाडी पार्मोट्रेमा हिरवागार होतो. ओळखीच्या किल्ल्यांत, म्हणजे लक्षणांवरून पायरी-पायरीने नावापर्यंत नेणाऱ्या तक्त्यांत, रंग कोरड्याचा दिलेला असतो. ऐन पावसाळ्यातले फोटो मोहक असतात, पण ओळखीला दिवाळीनंतरचे जास्त कामाचे.

एक तांत्रिक अडचण आहे आणि तिची सगळीकडे चर्चा होत नाही. आयनॅचरलिस्ट फोटो साठवताना त्याची लांब बाजू २,०४८ पिक्सेलवर आणतं. झाडाला याने काही फरक पडत नाही. पण अर्ध्या मिलिमीटरचे कोंब ज्या फोटोत कोपऱ्यात आहेत, त्या फोटोत ते विरघळून जातात. म्हणून चढवण्याआधी फोटो कापा, हवा तो भाग चौकटभर येऊ द्या. आणखी एक: व्हॉट्सअॅपवरून आलेला फोटो चढवू नका. त्यात फोटो दाबला जातो आणि त्यातली जागा-वेळेची माहितीही उडते. मग जागा हाताने टाकावी लागते, ती पुण्यात बसून टाकली की आंबोलीचं शैवाक शिवाजीनगरात उगवतं.

आता फोटोपलीकडचं. आयनॅचरलिस्टसोबत १० पटीचं भिंग तरी घ्याच. घडीचं, काचेचं, एका हाताने उघडणारं. २० पटीचं घेण्याचा मोह होतो, पण त्याचं क्षेत्र इतकं लहान आणि अंतर इतकं कमी असतं की खोडाशी नाक घासावं लागतं. भिंग डोळ्याला टेकवायचं आणि डोकं पुढे न्यायचं, भिंग वस्तूजवळ धरून लांबून पाहायचं नाही. फोनची लेन्स भिंगाला टेकवून फोटोही बरा निघतो, फक्त बोटांनी उजेड अडवू नका.

रसायनांच्या ठिपक्यांच्या चाचण्या यंत्राला कधीच करता येणार नाहीत, आणि पार्मोट्रेमाचा निकाल त्यांवरच लागतो. दोन बाटल्या पुरतात. पहिली ‘के’: पोटॅशियम हायड्रॉक्साइड १० ग्रॅम, पाणी १०० मिली. गोळ्या पाण्यात टाकायच्या, पाणी गोळ्यांवर ओतायचं नाही. द्रावण तापतं आणि कातडी भाजतं, म्हणून हातमोजे आणि चष्मा घाला. बाटली प्लास्टिकची घ्या, काचेचं बूच अडकून बसतं. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने ते मंदावतं, त्यामुळे सहा महिन्यांनी नवं करा. दुसरी ‘सी’: घरगुती ब्लीच, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट, सुगंध आणि रंग न घातलेलं. हे आणखी लवकर उतरतं. शिळ्या ब्लीचने ‘रंग आला नाही’ असा निकाल काढणं ही या चाचण्यांतली सर्वांत मोठी चूक आहे. ब्लीच संडास साफ करायच्या आम्लाजवळ नेऊ नका, विषारी क्लोरीन निघतो. तिसरं एक ‘पी’ नावाचं द्रावण पुस्तकांत असतं, त्यातलं पॅराफेनिलीनडायअमिन विषारी आहे आणि त्याची अॅलर्जी जडते. हौशी माणसाने त्याच्या वाटेला जाऊ नये.

चाचणी अशी. ब्लेडच्या टोकाने वरची राखाडी कातडी खरवडून आतला पांढरा गर उघडा करा, टाचणीच्या डोक्याएवढा. टूथपिकने द्रावणाचा कण लावा आणि लगेच भिंगातून पाहा, कारण ‘सी’चा रंग काही सेकंदांत उडतो. पार्मोट्रेमा टिंक्टोरममध्ये ‘सी’ने गर लालभडक होतो, ‘के’ने काही होत नाही, त्याच्या पृष्ठभागावर कोंब असतात आणि कडेला केस नसतात. पार्मोट्रेमा रेटिक्युलेटममध्ये ‘के’ने गर आधी पिवळा, मग गडद लाल होतो, पृष्ठभाग जाळीसारखा तडकलेला असतो. पार्मोट्रेमा पर्लाटममध्ये ‘के’ने पिवळ्याकडून नारिंगीकडे झुकतो, ‘सी’ने काही नाही, कडेला भुकटी आणि केस असतात. गोची एकच: या तिघांच्याही वरच्या कातडीला ‘के’ लावलं की ती पिवळी होते. खरवडणं अर्धवट झालं आणि थेंब कातडीवर गेला, तर गराचा निकाल म्हणून भलताच पिवळा लिहिला जातो.

सरावासाठी रानात जायचीसुद्धा गरज नाही. किराणा दुकानातून पन्नास ग्रॅम दगडफूल आणा. ही रसायनं वाळलेल्या नमुन्यात वर्षानुवर्षं टिकतात, त्यामुळे चाचण्या तशाच चालतात. पुडीत बहुधा एकच जात नसते. रुंद पानांचे पार्मोट्रेमा, त्यात अरुंद पट्ट्यांचं हायपोट्रकायना, क्वचित दाढीसारखी उस्निया, सालीचे तुकडे असं मिश्रण निघतं. वेगळं काढा, एकेकाला ठिपके लावा. चाचणी झालेले तुकडे केराच्या डब्यात, मसाल्यात नाही.

निकाल आला की तो नोंदीच्या टिपणात शब्दांत लिहा, ‘गर: के पिवळा ते लाल, सी नाही’ असा, आणि जमलं तर रंग आलेल्या ठिपक्याचा फोटोही जोडा. एवढी माहिती असलेली शैवाकाची नोंद जाणकार लगेच उचलतात. नसली तर ‘पार्मोट्रेमा’वर थांबा. नोंदीच्या खाली ‘यापेक्षा पुढे ओळख जाऊ शकत नाही’ या अर्थाचा पर्याय आहे. लोकांचं प्रजातीवर एकमत असेल तर तो निवडून प्रजाती पातळीवरही रिसर्च ग्रेड मिळतो. हा पर्याय शैवाकांसाठी फार उपयोगी आहे आणि फार कमी वापरला जातो.

शहरातल्या आंब्याच्या खोडांसाठी ३६५ नॅनोमीटरची यूव्ही टॉर्च घ्या. पिक्सिन कोकोइस ही शहरात सहज दिसणारी जात तिच्यातल्या लायकेक्झँथोन या रसायनामुळे अंधारात पिवळी चमकते. तिच्यासारख्याच दिसणाऱ्या डिरिनारियाची कातडी सहसा तशी चमकत नाही. ३९५ नॅनोमीटरची स्वस्त टॉर्च जांभळा उजेड इतका सांडते की काहीच ठरत नाही.

चाचण्या कुठे करायच्या यालाही मर्यादा आहे. अभयारण्यात, राष्ट्रीय उद्यानात परवानगीशिवाय वनस्पती काढणं वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ प्रमाणे गुन्हा आहे. जागतिक वारशाच्या यादीत २०१२ साली गेलेल्या पश्चिम घाटाच्या ३९ जागांपैकी महाराष्ट्रात कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी आहेत. तिथे फक्त फोटो. ठिपके लावायचे ते बाहेर, आपल्या किंवा परवानगी घेतलेल्या जागेत, आणि तिथेही अख्खा पसारा ओरबाडायचा नाही. दहा सेंटिमीटरचं शैवाक तयार व्हायला अनेक वर्षं जातात.

जागा लपवण्याची सोय चांगली आहे, पण तिच्यावर डोळे मिटून विसंबू नका. धोक्यात असलेल्या म्हणून नोंदलेल्या जातींची जागा आपोआप धूसर होते, ०.२ अंशांच्या चौकोनात, म्हणजे साधारण २२ किलोमीटरच्या परिसरात, ठिपका कुठेही टाकला जातो. यादीत नसलेल्या पण चोरीला जाणाऱ्या कंदांसाठी, कंदिलपुष्पांच्या जातींसाठी, ही सेटिंग हाताने लावा. आणि मग टिपणात गडाचं नाव लिहू नका, पार्श्वभूमीला ओळखू येणारा बुरुज येऊ देऊ नका. शिंदळ माकुडीसारख्या, मोजक्या डोंगरांवरच उरलेल्या वनस्पतीला तेवढा धागाही पुरेसा असतो.

नकाशाबद्दलही बोलायला हवं. आयनॅचरलिस्टवरचे ठिपके जंगलातली विविधता दाखवण्याआधी माणसांची पावलं दाखवतात. कासच्या सड्यावर ऑगस्ट ते ऑक्टोबर फुलांच्या रांगा असतात, तेव्हा फोटोही रांगेने येतात. अंजनी निळी फुलते ती उन्हाळ्यात, घाटात कुणी फिरकत नाही तेव्हा. एखाद्या दरीत एकही ठिपका नाही याचा अर्थ तिथे काही नाही असा नव्हे. लावलेल्या झाडांची गडबडही आहेच: रस्त्याकडेचा गुलमोहर, वनखात्याने लावलेली गिरिपुष्पाची रांग ‘लागवड केलेलं’ अशी खूण न करता चढवली की ती रानटी म्हणून नकाशावर येते. ती खूण लावा, नोंद ‘कॅज्युअल’मध्ये (रिसर्च ग्रेड न मिळणाऱ्या नोंदींत) जाईल आणि तिथेच ती शोभेल.

पर्यायांबद्दल थोडक्यात. प्लँटनेट हे फ्रान्समधल्या संशोधन संस्थांनी काढलेलं अॅप पान, फूल, फळ, साल असं वेगळं विचारतं आणि बागेतल्या, लावलेल्या झाडांना झटपट नाव देतं. शैवाकांशी त्याला देणंघेणं नाही. इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टल २००८ च्या डिसेंबरपासून आहे, भारतीय जातींच्या माहितीपानांसाठी तिथे जायलाच हवं. ई-फ्लोरा ऑफ इंडियावर फुलझाडांबद्दल जी चर्चा होते, तिची आयनॅचरलिस्टच्या ‘सहमत’ बटणाला कधीच सर येणार नाही. नावाचा शेवटचा निवाडा मात्र छापील ग्रंथातच. भारतीय वनस्पति सर्वेक्षणाने महाराष्ट्राच्या फुलझाडांचे जे खंड काढले, त्यांतला एकदलींचा १९९६ चा आणि द्विदलींचे २०००, २००१ चे, ते हाताशी ठेवा. शैवाकांसाठी शैवाकतज्ज्ञ अवस्थींच्या किल्ल्या: सूक्ष्म शैवाकांची १९९१ ची आणि मोठ्या शैवाकांची २००७ ची.

एक सेटिंग खातं उघडल्याउघडल्या पाहून घ्या. नोंदींचा परवाना ‘सर्व हक्क राखीव’ केलात तर तुमच्या नोंदी जीबीआयएफ या जागतिक साठ्यात जाणार नाहीत. मुळात दिलेला सीसी-बीवाय-एनसी (श्रेय देऊन, बिगर-व्यापारी वापराला मुभा) तसाच ठेवला तर रिसर्च ग्रेड नोंदी तिकडे पोहोचतात आणि संशोधकांना वापरता येतात. सगळ्या नोंदी सीएसव्ही फाइलमध्ये उतरवून घेता येतात. पावसाळा संपला की एकदा उतरवून ठेवा, टिपणांच्या रकान्यासकट. तो रकाना निवडायचा राहिला तर तुमचे सगळे ‘के’ आणि ‘सी’ फाइलबाहेरच राहतील.